सिलिंडर उभाच का ठेवायचा?

ज्वलनाचा पाठ चालू होता. ‘ऑक्सिजन ज्वलनास मदत करतो’ हे वाक्य फळ्यावर लिहून झाले होते, मुलांनी वहीत उतरवूनही घेतले होते. ते प्रत्यक्ष दिसावे म्हणून आम्ही आठवीचा वर्ग घेऊन जवळच्या वेल्डिंगच्या दुकानात गेलो. दुकानात दोन टाक्या होत्या. एक उंच आणि काळी, मानेशी पांढरा रंग दिलेली. दुसरी तिच्यापेक्षा बुटकी, जाड आणि तपकिरी-लाल. काळी टाकी जमिनीवर आडवी पडलेली होती आणि तिच्यावर बसून दुकानातला पोऱ्या चहा पीत होता. तपकिरी टाकी मात्र खांबाला साखळीने बांधून उभी केलेली.

एका मुलीने विचारले, “काका, ही उभी आणि ती आडवी, असं का?”

मिस्त्री म्हणाले, “ही आडवी ठेवायची नसते बाळा. गॅसवाल्यानं सांगितलंय तसं.”

“आडवी ठेवली तर काय होतं?”

मिस्त्रींनी आमच्याकडे पाहिले. “ते तुमचे सर सांगतील की!”

सरांना सांगता आले नाही. काळ्या टाकीवर बसलेल्या पोराला ‘तिथून ऊठ’ म्हणावे, हेही त्या वेळी आम्हाला सुचले नाही. शाळेत परतल्यावर आम्ही उत्तर शोधू लागलो, तेव्हा एका साध्या नियमामागे सव्वाशेहून अधिक वर्षांचा इतिहास असल्याचे दिसले. त्या इतिहासात बरेच स्फोट आहेत, काही उत्तम प्रयोग आहेत आणि एका माणसाचे डोळेही आहेत. तोच इतिहास येथे मांडत आहोत.

वायू कोंडायच्या तीन तऱ्हा

वायू फार जागा खातो. एक किलो पाणी एका लिटरच्या बाटलीत मावते, पण एक किलो ऑक्सिजनला नेहमीच्या हवेच्या दाबाला सुमारे साडेसातशे लिटर जागा लागते. त्यामुळे वायू एका ठिकाणी तयार करून दुसरीकडे वापरायचा, तर आधी त्याला लहान जागेत बसवावे लागते.

त्याच्या तीन तऱ्हा आहेत. पहिली, नुसता दाबून भरायचा. ऑक्सिजन, नायट्रोजन, हायड्रोजन असे भरतात. दुसरी, दाबून त्याचा द्रव करायचा. आपल्या स्वयंपाकघरातला गॅस असा असतो. टाकी हलवली की आत द्रव डुचमळताना जाणवतो. तिसरी, एखाद्या द्रवात विरघळवून ठेवायचा. सोड्याच्या बाटलीत कार्बन डायऑक्साइड असतो तसा. मिस्त्रींच्या तपकिरी टाकीत हीच तिसरी तऱ्हा असते. ती का शोधावी लागली, हे कळायला आधी पहिल्या तऱ्हेकडे पाहू.

काळी टाकी

१८८६ मध्ये लंडनमध्ये ब्रिन बंधूंनी ऑक्सिजन विकणारी कंपनी काढली. बेरियम ऑक्साइड तापवले की ते हवेतला ऑक्सिजन धरून ठेवते आणि परिस्थिती बदलली की सोडून देते, या गुणाचा त्यांनी उपयोग केला. पुढे १८९५ मध्ये जर्मनीत कार्ल फॉन लिंडे याने हवेचा द्रव करण्याची कारखान्यात वापरता येईल अशी पद्धत बसवली. १९०२ च्या सुमारास त्याने द्रव हवेतून ऑक्सिजन वेगळा काढला. ऑक्सिजन स्वस्त झाला.

पण तो भरायचा कशात? पत्रा वळवून जोडलेले भांडे जोडावरच फुटते. १८८५-८६ च्या सुमारास जर्मनीतल्या मानेसमान बंधूंनी पोलादाच्या भरीव कांबीपासून बिनजोड नळी काढण्याची युक्ती शोधली. ज्याला कुठेही शिवण नाही असे पोलादी भांडे मिळू लागले, आणि सिलिंडरमध्ये शंभराहून अधिक वातावरणांचा दाब भरणे शक्य झाले.

आज आपल्याकडे दुकानात आणि इस्पितळात जी मोठी काळी टाकी दिसते, तिची आतली जागा सुमारे ४७ लिटर असते. तिच्यात दर चौरस सेंटिमीटरला सुमारे १५० किलो दाबाने सात घनमीटर ऑक्सिजन भरलेला असतो. दहा फूट लांब, दहा फूट रुंद आणि दहा फूट उंच खोलीचा चौथा हिस्सा भरेल एवढा! २०२१ च्या साथीत या टाकीचे नाव घरोघरी पोचले, पण तिच्या आतल्या दाबाचा अंदाज फार थोड्यांना असेल. तो वर्गात असा सांगता येतो: अंगठ्याच्या नखाएवढ्या जागेवर सिमेंटची तीन पोती रचली, तर जेवढा भार पडेल तेवढा टाकीच्या आतल्या प्रत्येक नखाएवढ्या जागेवर सतत असतो.

आता समजा, ही टाकी पडली आणि तिच्या डोक्यावरचा पितळी व्हॉल्व्ह मोडला. एक चौरस सेंटिमीटरचे भोक पडले, तरी निसटत्या वायूमुळे टाकीला मागे रेटणारे बल १५० किलो वजनापेक्षा कमी नसेल. रिकाम्या टाकीचे वजन मात्र साधारण ६० किलो. म्हणजे टाकी जमिनीवर राहणार नाही. तोंड न बांधलेला फुगा सोडून दिला की खोलीभर कसा पळतो, ते मुलांनी पाहिलेले असते. हा पोलादाचा फुगा आहे. भिंत आडवी आली, तर तो तीही फोडू शकतो. टाकी नेताना व्हॉल्व्हवर टोपण घालायचे, व्हॉल्व्हला धरून ती उचलायची नाही, ढकलत-घरंगळत न्यायची नाही, ठेवल्यावर साखळीने बांधायची, हे सगळे नियम या एका हिशेबातून निघतात. ते काळ्या टाकीलाही लागू आहेत. तिला आडवी टाकून वर बसणे चूकच होते.

दीडशे किलोचा दाब थेट वापरता येत नाही, तो उतरवावा लागतो. या कामी दारूच्या दुकानांचा मोठा हातभार लागला. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस जर्मनीत पिंपातली बिअर वर चढवायला दाबाखालचा कार्बन डायऑक्साइड वापरू लागले होते. पण दाब कमी-जास्त झाला की बिअर उसळायची. १८८९ मध्ये ल्यूबेक गावच्या हाइनरिश ड्रेगरने आपल्या मुलाच्या मदतीने दाब बेताचा आणि एकसारखा ठेवणारी झडप बनवली. आजच्या टाकीवरचा रेग्युलेटर याच जातीचा आहे. बिअरसाठी झालेली ही सोय पुढे वेल्डिंगला, भूल देण्याला आणि खाणीतल्या बचाव पथकांच्या श्वसनयंत्रांनाही उपयोगी पडली.

कार्बाईड

आता तपकिरी टाकीकडे वळू. तिच्यात ॲसिटिलीन असतो. हा वायू १८३६ मध्ये एडमंड डेव्ही या रसायनशास्त्रज्ञाला सापडला होता. पण तो स्वस्तात करता येत नसल्यामुळे पन्नास-साठ वर्षे प्रयोगशाळेतच राहिला.

१८९२ मध्ये अमेरिकेत टॉमस विल्सन हा कॅनेडियन माणूस विजेच्या भट्टीत चुना आणि डांबर तापवत होता. त्याला धातू हवा होता. मिळाला तो काळपट दगडासारखा पदार्थ. तो पाण्यात टाकल्यावर वायू निघाला. हवा तो धातू मिळाला असता तर पाण्यातून हायड्रोजन निघाला असता आणि तो जवळजवळ न दिसणाऱ्या ज्योतीने जळला असता. हा वायू तर काजळी टाकत, भगभगीत जळत होता. तो ॲसिटिलीन होता आणि तो दगड म्हणजे कॅल्शियम कार्बाईड.

कार्बाईड आपल्या ओळखीचे आहे. आंबे, केळी लवकर पिकवायला लोक ते वापरत आले. त्याच्यात विषारी अशुद्ध द्रव्ये असतात म्हणून फळांसाठी त्याचा वापर कायद्याने बंद केलेला आहे, तरी अधूनमधून बातम्या येतातच. पूर्वी सायकलला आणि खाणकामगाराच्या टोपीला कार्बाईडचा दिवा असे. वर पाणी, खाली कार्बाईड. थेंब थेंब पाणी पडते, वायू निघतो, ज्योत जळते.

हा उजेड त्या काळच्या दगडी कोळशाच्या गॅसपेक्षा कितीतरी पांढरा आणि प्रखर होता. शिवाय १८९५ मध्ये ल शातेलिए या फ्रेंच शास्त्रज्ञाने दाखवले की ॲसिटिलीन ऑक्सिजनमध्ये जाळला तर ज्योतीचे तापमान ३००० अंश सेल्सिअसच्या वर जाते. लोखंड त्याच्या निम्म्या तापमानालाच वितळते. हा वायू बाटलीत भरून विकायचे स्वप्न अनेकांना पडू लागले.

दाबला की फुटतो

ऑक्सिजन दाबता आला, मग ॲसिटिलीन का नाही? लोकांनी तो दाबला, दाबून त्याचा द्रवही केला. १८९६ या एकाच वर्षात पॅरिस आणि बर्लिनमध्ये द्रव ॲसिटिलीनचे स्फोट झाले, त्यात माणसे मेली.

त्याच वर्षी बर्तेलो आणि व्हिएय या फ्रेंच शास्त्रज्ञांनी पद्धतशीर प्रयोग करून कारण दाखवले. ॲसिटिलीनचा रेणू कार्बनचे दोन आणि हायड्रोजनचे दोन अणू मिळून बनतो. तो बनताना ऊर्जा आत कोंडली जाते. रेणू मोडला की ती बाहेर पडते. नेहमीच्या दाबाला एक रेणू मोडला तरी शेजारचे रेणू लांब असतात, म्हणून ती मोडतोड पसरत नाही. पण दाब सुमारे दोन वातावरणांच्या पुढे गेला की एका ठिकाणी सुरू झालेली मोडतोड सगळ्या वायूत पसरते. सगळा वायू क्षणात कार्बन आणि हायड्रोजन होतो आणि प्रचंड उष्णता बाहेर पडते.

याला हवा लागत नाही, ही गोष्ट वर्गात पुन्हा पुन्हा सांगायला हवी. जळण, ऑक्सिजन आणि ठिणगी असे आगीचे तीन घटक आपण शिकवतो. येथे ऑक्सिजनची गरजच नाही. बंद टाकीत एकटा ॲसिटिलीन पुरेसा आहे, धक्का किंवा उष्णता मिळाली की झाले. १८९७ मध्ये ब्रिटिश सरकारने ठरावीक मर्यादेपलीकडे दाबलेल्या ॲसिटिलीनला कायद्याने ‘स्फोटक’ ठरवले. बाटलीतल्या ॲसिटिलीनचे स्वप्न तिथेच संपायचे.

विरघळवा आणि जिरवा

वाट काढली ती जॉर्ज क्लोद आणि आल्बेर हेस या दोन तरुण फ्रेंच माणसांनी, १८९६-९७ मध्ये. ॲसिटोन या द्रवात ॲसिटिलीन फार मोठ्या प्रमाणात विरघळतो. नेहमीच्या दाबाला, १५ अंश तापमानाला, एक लिटर ॲसिटोन सुमारे २५ लिटर ॲसिटिलीन पोटात घेते आणि १२ वातावरणांच्या दाबाला सुमारे ३०० लिटर. विरघळल्यावर ॲसिटिलीनचे रेणू ॲसिटोनच्या रेणूंत विखुरले जातात. एक मोडला तरी त्याची उष्णता भोवतालचा द्रव शोषून घेतो आणि साखळी तुटते. बाटली उघडली की सोड्यातल्या फसफशीप्रमाणे वायू बाहेर येऊ लागतो.

पण येथेही एक अडचण होती. टाकी द्रवाने काठोकाठ भरता येत नाही. वायू विरघळला की ॲसिटोन फुगते, म्हणून वर जागा सोडावी लागते. वायू वापरला की ॲसिटोन आक्रसते आणि जागा वाढते. त्या मोकळ्या जागेत न विरघळलेला, दाबाखालचा ॲसिटिलीन जमतो. म्हणजे आपण ज्याला भ्यालो तोच टाकीच्या डोक्याशी जाऊन बसतो.

उपाय असा निघाला की टाकी आधी सच्छिद्र पदार्थाने पूर्ण भरायची आणि ॲसिटोन त्याच्यात जिरवायचे. कोरडी वीट बादलीत टाकली तर ती पाणी पिते. बाहेर काढली तर पाणी गळत नाही, विटेच्या बारीक छिद्रांत अडकून राहते. तसेच येथे होते. मोकळी जागा उरते ती फक्त केसाएवढ्या छिद्रांत. तिथे एखादा रेणू मोडला तरी छिद्राच्या भिंती उष्णता ओढून घेतात आणि ज्वाला पुढे सरकू शकत नाही.

तपकिरी टाकी म्हणजे पोकळ डबा नाही. ती आतून गच्च भरलेली आहे. आम्हाला हे नवीन होते, मिस्त्रींनाही नवीन होते.

दालेनची पोकळी

आता या इतिहासातला मुख्य माणूस येतो. गुस्ताव दालेन हा १८६९ मध्ये स्वीडनमधल्या एका शेतकऱ्याच्या घरी जन्मला. तरुणपणी तो घरची शेती आणि दुधाचा धंदा पाहत होता. दुधातली स्निग्धता मोजण्याचे एक उपकरण त्याने बनवले आणि ते दे लावाल या प्रसिद्ध यंत्रकाराला नेऊन दाखवले. दे लावालने त्याला शिकण्याचा सल्ला दिला. शेती सोडून तो इंजिनिअर झाला आणि ॲसिटिलीनच्या धंद्यात शिरला.

स्वीडनचा किनारा खडकाळ, बेटांनी भरलेला. तिथे प्रत्येक खडकावर दीपगृह आणि प्रत्येक दीपगृहात माणूस ठेवणे अशक्य. ॲसिटिलीनचा दिवा प्रखर, पण तो सतत जळत ठेवला तर गॅस पुरत नाही. दालेनने एक साधन बनवले, ते क्षणभर ज्योत पेटवी आणि पुढचे काही क्षण अंधार ठेवी. जहाजाला लुकलुकणारा दिवा उलट अधिक ओळखू येतो आणि गॅस वाचतो सुमारे नव्वद टक्के. मग १९०७ मध्ये त्याने ‘सूर्यझडप’ केली. तिच्यात मध्ये एक काळी दांडी आणि भोवती चकचकीत दांड्या असतात. दिवसा काळी दांडी ऊन शोषून अधिक तापते, प्रसरण पावते आणि गॅस बंद करते. संध्याकाळी ती आक्रसते आणि दिवा लागतो. काळा पृष्ठभाग उष्णता अधिक शोषतो आणि धातू तापल्यावर प्रसरण पावतो, ही आपल्या पाठ्यपुस्तकातली दोनच वाक्ये. त्यांच्यावर शेकडो दीपगृहे माणसाविना चालू लागली.

हे दिवे समुद्रात डोलणाऱ्या तरंडांवरही बसवायचे होते आणि तिथे जुनी अडचण उभी राहिली. टाकीतला सच्छिद्र पदार्थ सतत हिंदकळून भुगा होई आणि खाली बसे. वर पोकळी पडे. पोकळीत न विरघळलेला ॲसिटिलीन जमे आणि टाकी पुन्हा बॉम्ब होई. दालेनने १९०६ मध्ये ॲस्बेस्टॉस, सिमेंट, कोळसा आणि डायटम माती यांचे एक मिश्रण तयार केले. टाकीत भरल्यावर ते घट्ट होई, पण इतके ठिसूळ नसे की धक्क्याने तडकावे. पोकळी पडणे थांबले. वेल्डिंगचा ॲसिटिलीन गावोगाव नेता येऊ लागला तो अशा भरावामुळे.

१९१२

एवढ्यावर दालेन थांबला नाही. टाकी किती दाब सहन करते, याच्या चाचण्या तो स्वतः घेत असे. १९१२ मध्ये अशाच एका चाचणीत स्फोट झाला. तो भयंकर जखमी झाला आणि त्याची दोन्ही डोळ्यांची दृष्टी गेली. तेव्हा तो ४२ वर्षांचा होता.

त्याच वर्षीचे भौतिकशास्त्राचे नोबेल पारितोषिक त्याला मिळाले. दीपगृहे आणि तरंडांच्या दिव्यांसाठी गॅसच्या टाकीबरोबर वापरायच्या स्वयंचलित नियंत्रकांबद्दल ते होते. डिसेंबरात स्टॉकहोममध्ये ते त्याच्या वतीने त्याच्या भावाने स्वीकारले. भाऊ आल्बिन दालेन हा डोळ्यांचा डॉक्टर होता. हजारो खलाशांना वाट दाखवणारा माणूस आंधळा झाला आणि नेत्रतज्ज्ञ भावाला त्याचे डोळे परत देता आले नाहीत.

दालेन पुढे पंचवीस वर्षे, १९३७ मध्ये मरेपर्यंत, आपली कंपनी चालवत राहिला. घरी असताना बायकोला चुलीमागे दिवसभर राबावे लागते हे त्याच्या ध्यानात आले. त्यातून १९२२ मध्ये त्याने कमी जळणात सतत तापलेली राहणारी एक चूल तयार केली. तीही जगभर गेली.

त्याच्या भरावालाही पुढे एक दोष निघाला. ॲस्बेस्टॉसचे तंतू फुप्फुसात गेले तर गंभीर आजार होतात, हे नंतर कळले. आता टाक्यांत दुसरा भराव, बहुधा कॅल्शियम सिलिकेटचा, असतो. पण जुन्या टाक्या अजून कुठे कुठे असू शकतात. म्हणून ॲसिटिलीनची टाकी भंगारात देऊन कापणे हे दुहेरी धोक्याचे आहे.

नागपूरचे कार्यालय

आपल्याकडे हे नियम कोण पाहते? १८८४ च्या स्फोटक कायद्याखाली १९३८ मध्ये सरकारने जाहीर केले की धातूच्या भांड्यात दाबून किंवा द्रव करून भरलेला वायू कायद्याच्या दृष्टीने स्फोटक मानला जाईल. त्यानंतर १९४० मध्ये गॅस सिलिंडरचे नियम आले. ते १९८१, २००४ आणि २०१६ मध्ये नव्याने केले गेले. ते राबवणाऱ्या केंद्रीय संघटनेचे मुख्य कार्यालय आपल्या नागपुरात आहे. टाकीच्या खांद्यावर ठोकलेले आकडे पाहा, त्यांत चाचणीची तारीखही असते. ऑक्सिजनची टाकी साधारण दर पाच वर्षांनी पाणी भरून, नेहमीच्या दाबाच्या पावणेदोनपटीच्या आसपास ताणून तपासतात. पाणीच का? पाणी फारसे दाबले जात नाही, म्हणजे त्याच्यात ऊर्जा साठत नाही. टाकी फुटलीच तर पाणी सांडते, तुकडे उडत नाहीत.

या नियमांबाहेरच्या टाक्याही आपण पाहतो. जत्रेतला फुगेवाला कित्येकदा जुन्या टाकीत कॉस्टिक सोडा आणि ॲल्युमिनियमचे तुकडे टाकून तिथेच हायड्रोजन तयार करतो. त्या टाकीची चाचणी कधी झाली, आत किती दाब चढला, हे कुणालाच ठाऊक नसते. सोडा आतून धातू खातो तो वेगळाच. अशा टाक्या फुटून मुले दगावल्याच्या बातम्या आपण वाचतो. मुलांना त्या टाकीपासून लांब उभे राहायला सांगणे आपल्या हातात आहे.

पुन्हा दुकानात

महिनाभराने आम्ही तोच वर्ग घेऊन तिथेच गेलो. या वेळी सांगायचे काम मुलांनी केले. ज्या मुलीने प्रश्न विचारला होता तिनेच उत्तर दिले. “काका, आडवी केली की आतलं ॲसिटोन तोंडाशी येतं आणि गॅसबरोबर बाहेर जातं. ॲसिटोन कमी झालं की गॅसला विरघळायला जागा राहत नाही. मग तो नुसताच दाबलेला राहतो आणि नुसता दाबलेला गॅस फुटतो.” आडव्या स्थितीत आणलेली टाकी काही तास उभी ठेवून मगच का वापरायची, हेही त्यातच आले. गॅस फार भराभर ओढला तरी ॲसिटोन निघून जाते.

बाकीचे नियम मुलांनी एकेक वाटून घेतले होते, कारणासकट. ऑक्सिजनच्या व्हॉल्व्हला, रेग्युलेटरला तेल-ग्रीस का लावायचे नाही? सायकलच्या पंपाचे तोंड बोटाने दाबून पाच-सहा वेळा जोरात हवा भरली की पंप तापतो. व्हॉल्व्ह झटकन उघडला की रेग्युलेटरमधला वायू असाच, पण कितीतरी जास्त, तापतो. त्या दाबाच्या ऑक्सिजनमध्ये तेलाचा थेंब ठिणगीवाचून पेटतो. म्हणून व्हॉल्व्ह सावकाश उघडायचा आणि तेलकट हाताने नाही. ॲसिटिलीनच्या नटाला उलटे आटे का? म्हणजे जळणाऱ्या वायूचा रेग्युलेटर चुकूनही ऑक्सिजनच्या टाकीवर बसू नये. ॲसिटिलीनला तांब्याची नळी का नको? तांब्याशी त्याचा एक स्फोटक पदार्थ तयार होतो. व्हॉल्व्हची चावी टाकीवरच का ठेवायची? आग लागली तर शोधत बसायला वेळ नसतो. ऑक्सिजन आणि ॲसिटिलीनचा साठा वेगवेगळा का? एक गळला तर दुसऱ्याची साथ मिळू नये. रिकाम्या टाकीचाही व्हॉल्व्ह का बंद करायचा? टाकी कधीच पुरती रिकामी नसते. आणि ॲसिटिलीनची टाकी आगीत तापली असेल तर आग विझल्यावरही तिच्याजवळ का जायचे नाही? आतली मोडतोड चालू राहू शकते. लांबून पाणी मारत ती बराच वेळ गार करावी लागते आणि ते काम अग्निशमन दलाचे.

मिस्त्रींनी सगळे ऐकून घेतले. मग म्हणाले, “सर, मला वीस वर्षं झाली या धंद्यात. असं कर, तसं करू नको, हे सगळे सांगतात. का करायचं, हे पहिल्यांदाच कुणी सांगितलं.”

आम्हाला वाटते, शाळेने करायचे ते हेच. नियमांचा तक्ता भिंतीवर लावता येतो, पण कारण कळले नाही तर घाईच्या वेळी माणूस तो मोडतो. आणि कारखान्यात घाई रोजच असते. आपल्या वर्गातली काही मुले आयटीआयला जातील, काही अशाच दुकानात कामाला लागतील, काही इस्पितळात टाक्या ढकलतील. त्यांच्यापैकी कुणी काळ्या टाकीवर बसून चहा प्यायचे नाही, एवढे ज्वलनाच्या पाठातून साधले तरी पुष्कळ झाले.

त्या दिवशी काळी टाकीही उभी होती. तिला बांधायला साखळी नव्हती, म्हणून मिस्त्रींनी सायकलची जुनी ट्यूब बांधली होती. आम्ही ‘ती आगीत वितळेल’ असे सांगितले. पुढच्या आठवड्यात साखळी आली.